सोड

गेली तीस वर्षं मी गिऱ्हाइकासमोर एक खेळ करत आलोय. गाडीच्या पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवायचे, अंगाचा भार टाकून गाडी खाली दाबायची आणि एकदम हात काढून घ्यायचे. दुसऱ्याच्या हातची गाडी टुणकन वर येते, मग जरा डुलते. माझ्या हातची सावकाश वर येते, तुपातून चमचा काढावा तशी, आणि थांबायचं तिथं थांबते. गिऱ्हाईक माझ्याकडं बघतं. मी काही बोलत नाही. फडक्याला हात पुसतो आणि दुसरीकडं बघतो. न बोलण्यातच सगळी मजा असते.

गेल्या श्रावणापासून हा खेळ बंद आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझी शेड आहे. वडील लेथवर होते. मी लेथवरून गाड्यांच्या पोटाखाली गेलो आणि तिथंच राहिलो. इंजिनात मला कधी गोडी वाटली नाही. आवाज वाढवणारे, धूर काढणारे, लॅपटॉप लावून अर्ध्या तासात वीस-पंचवीस घोडे वाढवून देणारे गल्लोगल्ली आहेत, आणि व्हिडिओ त्यांचेच निघतात. लोअर आर्मचा बुश बदलताना कुणी व्हिडिओ काढत नाही. पण घाटात गाडी वळते की नाही ते त्या बुशावर ठरतं, आणि मला त्याचीच ओढ लागली. पोरं मला वस्ताद म्हणतात. मी नको म्हणायचो, पण कुणी नुसतं ‘काका’ म्हटलं तर मनात टोचायचं, हेही इथंच सांगून टाकतो.

सस्पेन्शनचं काम बुडानं करायचं असतं. स्टिअरिंग हाताला थोडं सांगतं, डोळा तर फसवतोच. खरी बातमी सीटमधून येते. मागचं चाक सुटायला लागलं की ते कुल्ल्याला आधी कळतं, मग डोक्याला. माझं बूड त्यात तयार होतं. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून गगनबावड्याच्या रस्त्यानं चाळीसच्या वेगानं दोन वळणं घेतली, की मागचा उजवा बुश गेलाय का पुढचा डावा बॉल जॉइंट, ते मी सांगायचो. शेडवर येऊन रॅम्पवर घेतल्यावर ते खरं निघायचं. (खोटं निघायचं तेव्हा मी दुसरंच काहीतरी बदलून द्यायचो. तसं चारदोनदाच झालं.)

दोन वर्षांपूर्वी कमरेतली गादी सरकली. ऑपरेशन झालं, चालायला लागलो, पण डावा कुल्ला आणि मांडीची मागची बाजू बधिर ती बधिरच. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. काही आली, बरीच आली नाही. आता मी गाडीत बसतो तेव्हा अर्धी गाडी मला मुकी असते.

तर गाडी चालवायला एक पोरगी. पलीकडच्या लेथवाल्याची पुतणी, डिप्लोमा झालेली, नोकरीत मन रमेना म्हणून माझ्याकडं आली. आमच्याकडच्या पोरी ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, तशीच ती, पहिल्या दिवशी शटरखालून वाकून म्हणाली, “वस्ताद, मी शिकायला आलो.” हात बरा होता. वही ठेवायची. मला वह्यांचा राग. वही ठेवणाऱ्याला बूड नसतं, असं मी तिला तोंडावर म्हणालो होतो.

आता ती गोष्ट. इचलकरंजीचा एक माग-कारखानदार पोरगा, त्याची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं इंजिन, कंपनीनं दिलेले १०५ घोडे, आणि वर लॅपटॉपवाल्यानं घातलेले. ही गाडी आमच्या चाकणची, २०२२ मध्ये बंद झाली, आणि बंद झाल्यापासून मालक तिला म्हातारीसारखी नव्हे, लाडक्या लेकीसारखी जपायला लागलेत. ३५ मिलिमीटर खाली घेतलेली, स्प्रिंगा चांगल्या, टायर चांगले, शॉकअप माझ्या हातचे. तक्रार एकच. भुईबावडा घाटात उतरताना एक उजवं वळण आहे. पावसानं तिथं डांबराला लाटा आल्यात, पाच-सहा, ओळीनं. तिथं गाडीचं नाक बाहेर जातं. स्टिअरिंग वळवलेलं असतं आणि गाडी सरळ निघते, दरीकडं. पहिल्या लाटेला नाही, दुसऱ्याला नाही. चौथ्या-पाचव्याला.

“वेग जास्त असेल,” मी म्हणालो.

“चाळीस, वस्ताद. मागं आई बसलेली.”

एरवी मी स्वतः गेलो असतो. या खेपेला शेजारच्या सीटवर बसलो आणि पोरीनं चालवली. गगनबावड्यातून कोकणात उतरायला दोन वाटा, करूळ आणि भुईबावडा. भुईबावड्याचा रस्ता अरुंद, वळणं आखूड. त्या वळणावर नाक गेलं. मला कळलं ते डोळ्यांनी. बुडाला काही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडी चुकली आणि मला तिच्याकडून काही ऐकू आलं नाही.

शेडवर आल्यावर मी जे जे करतात ते सगळं केलं. आधी दोष अलाइनमेंटवर टाकला. दोरी बांधून टो पाहिला, ठीक. मग लोअर आर्म. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत हा एक जुना घोळ आहे आणि खाली घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो माहीत नसतो. गाडी ३५ खाली आली की तिचा भार ३५ खाली येतो, पण गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो त्याहून पुष्कळ जास्त खाली जातो, कारण लोअर आर्मचा उतारच उलटा होतो. म्हणजे पहारेचा टेकू सरकला आणि पहार लांब झाली. खाली घेतलेली गाडी त्यामुळं कधीकधी आधीपेक्षा जास्त कलायला बघते, आणि मालक म्हणतो आणखी कडक स्प्रिंग द्या. लांब मानेचे बॉल जॉइंट घालून आर्म पुन्हा सरळ केला, टाय रॉडचं टोक त्याच मापानं खाली घेतलं. गाडी सुधारली. वळणात शिरताना सुधारली. चौथ्या लाटेला नाक पुन्हा बाहेर.

मग टायरची हवा. मग मागचा स्टॅबिलायझर बार जाड. मागची पकड कमी केली की पुढची तुलनेनं बरी वाटते, हा मार्ग म्हणजे सुनेला नावं ठेवून लेक शहाणी ठरवण्यासारखा. तरी तोही करून पाहिला. तीन आठवडे, सात फेऱ्या. गाडी चौथ्या लाटेला तेच करायची. मला झोपेत ते वळण दिसायचं.

एकच गोष्ट मी तपासली नव्हती. शॉकअप. ते माझे होते ना.

शॉकअपची दोन कामं. माझ्या शेडमध्ये आम्ही त्यांना दाब आणि सोड म्हणतो. चाक वर येतं तेव्हा तो किती अडवतो तो दाब, स्प्रिंग परत चाक खाली ढकलते तेव्हा किती अडवतो ती सोड. कंपनीचा बंद शॉकअप वरून कापायचा, लेथवर आटे पाडायचे, झाकण फिरवून बसेल असं करायचं. मग पिस्टनवरच्या पत्त्या बदलता येतात. नाण्याएवढ्या गोल, पातळ पोलादी पत्त्या. तेल त्यांना वाकवून जातं. बाहेरच्याला अंदाज येत नाही, पण ०.१५ मिलिमीटरच्या जागी ०.२० ची पत्ती घातली की ताठपणा थोडाथोडका वाढत नाही, दुपटीच्या वर जातो. जाडी वाढेल तसा तो तिच्या घनानं वाढतो. माझं नाव झालं ते अशाच एका पत्तीवर. सोडीच्या बाजूला मी एक ०.२० ची जास्त घालायचो. सगळ्या गाड्यांना. उद्यमनगरात तिला ‘वस्तादची पत्ती’ म्हणतात. तीच ती तुपातून चमचा काढणारी पत्ती.

पोरीनं शॉकअपच्या दांड्याला एक केबल टाय बांधला. प्लॅस्टिकची, वायरी बांधायची पट्टी, दोन रुपयांची. धुळीचा बूट वर सरकवून दांड्यावर घट्ट, खाली नळीला टेकेल अशी. गाडी दबली की नळी तिला ढकलत नेते आणि ती तिथंच राहते. परत आल्यावर दिसतं की शॉकअप कुठवर गेला होता. ही युक्ती मीच तिला शिकवलेली, पहिल्या महिन्यात. मी स्वतः पंधरा वर्षं बांधली नव्हती. बूड असताना पट्टी कशाला?

परत आलो तर पट्टी वर, बंप स्टॉपच्या रबराला चिकटलेली. म्हणजे चाळीसच्या वेगात, बोटभर उंचीच्या लाटांवर, गाडी रबरावर बसत होती. आणि बंप स्टॉपवर बसलेल्या चाकाला स्प्रिंग नसते, लाकडाचा ठोकळा असतो म्हणा. टायर घसरणारच.

“दाब कमी पडतोय,” मी म्हणालो. “दाबाकडं एक पत्ती घालू.”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मडगार्डच्या आत एक छोटा कॅमेरा चिमट्यानं लावला, शॉकअपच्या दांड्याकडं तोंड करून, दांड्यावर पाच-पाच मिलिमीटरच्या खुणा. संध्याकाळी चहा घेताना फोन पुढं धरला. “वस्ताद, हे बघा की.”

हळू करून दाखवलं. वळणात शिरल्यावर बाहेरची बाजू दबलेली असते, तेव्हा रबरापर्यंत २० मिलिमीटर शिल्लक. पहिली लाट: दबला, उठला, पण २० वर नाही आला. १५. दुसरी: दबला, उठला, ९. तिसरी: ४. चौथ्याला उठायला जागाच नव्हती. दाबात काही चूक नव्हती. दबत तो बरोबर होता. त्याला उठू देत नव्हती माझी पत्ती.

तिनं वहीत हिशोब मांडलेला. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. लाट दर दोन मीटरवर. दोन लाटांमध्ये वेळ ०.१८ सेकंद. तेवढ्यात चाकाला खाली पोचायचं होतं आणि सोड त्याला धरून ठेवत होती. तालमीत असताना नवख्यांची अशीच गत पाहिलीय. वरच्यानं मान दाबली की खाली जातो, उठायला लागतो, अर्ध्यात पुन्हा दाब, पुन्हा अर्ध्यात. चौथ्या दाबाला तो मातीत. ताकद कमी नसते त्याची. उठायला उसंत मिळत नाही.

चहा गार झाला. मी ते चित्र दहा-बारा वेळा पाहिलं. आणि मला जे आठवायला लागलं ते पोलोबद्दल नव्हतं.

मडगार्ड दाबून सोडायच्या माझ्या त्या खेळात हाताचा वेग असतो तो असा, की रस्त्यावरच्या लाटेपुढं काहीच नाही. तिथं भरपूर सोड सुंदर दिसते. गिऱ्हाइकाला पहिल्या दोन किलोमीटरमध्ये ती भारदस्त वाटते. गाडी जमिनीला चिकटलीय असं तो म्हणतो. चिकटलेली असतेच. रबरावर बसलेली असते. आणि मी, वस्ताद, वळणात एक ठाम धक्का बुडाला लागायचा त्याला ‘पकड’ म्हणायचो. तो बंप स्टॉपचा धक्का होता. वीस-पंचवीस वर्षं मी रबराच्या ठोकळ्याला पकड म्हणत होतो. बधिर झाल्यावर तो धक्का लागेनासा झाला, म्हणून तर मला वाटलं गाडी काही सांगतच नाही. ती सांगत होती ते मला आधीही कळत नव्हतं.

सगळ्या गाड्यांत ही पत्ती चुकीची होती असं म्हणत नाही. गुळगुळीत ट्रॅकवर ती चालते, हायवेवर चालते. माझे रस्ते तसे नाहीत, आणि हे मला माहीत होतं.

इथं मला बाजारातल्या लोकांबद्दल बोलायचा मोह होतो, आणि मी तो आवरणार नाही. ग्राइंडरनं स्प्रिंग कापणारे आहेत. गॅसच्या ज्योतीनं स्प्रिंग तापवून बसवणारे आहेत. पोलादाचं पाणी घालवून टाकतात. ३२ क्लिकचे रंगीत शॉकअप डब्यातून काढून देणारे आहेत, ज्यात पहिल्या पाच-सहा क्लिकांनंतर काही बदलत नाही, पण मालक रोज रात्री एक क्लिक फिरवून झोपतो. आणि मागच्या काचेवर ‘नाद खुळा’ लिहून गाडी इतकी खाली आणणारे, की आमच्या गल्लीतला स्पीड ब्रेकर तिला तिरका चढवावा लागतो. नियमात तो ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आमच्याकडं रुंदी हातभर आणि उंची मंडळाच्या मनावर. कायदा म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं ५२ वं कलम आहे, त्यावर कुणी शेडमध्ये बोलत नाही. मीही नाही.

या सगळ्यांना मी तीस वर्षं नावं ठेवली. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय, तर त्यांचं खोटं उघड दिसतं. माझं तुपातून वर यायचं.

पोरीनं आणखी एक बोचरं काम केलं. मी सांगत असे की जिप्सीच्या दिवसांत, चारी बाजूंना कमानपाटे असायचे तेव्हा, मी वाळूची पोती गाडीत कधी पुढं, कधी मागं, कधी टोकांना ठेवून बघितलं आणि मला समजलं की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. मग खड्ड्यावरून गेल्यावर गाडी होडीसारखी हलत नाही, सपाट उठते. हा माझा शोध. पोरी-पोरांना तो मी अभिमानानं सांगायचो. ती एक दिवस म्हणाली, मॉरिस ऑली नावाचा इंग्रज रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅकला गेला, त्यानं गाडीवर वजनं पुढं-मागं सरकवून हेच काढलं होतं. तिनं वाचलेलं. “म्हणजे तुमचं बरोबर होतं, वस्ताद,” असंही म्हणाली, वर. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शोध खरा ठरल्यानं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

पोलोच्या सोडीतली माझी पत्ती काढली. तिच्या जागी ०.१५ ची. सोड हलकी झाली तर गाडी डुलेल असं वाटत होतं. जरा डुलते, मडगार्ड दाबून सोडलं तर एकदा वर जाऊन थोडी परत येते. दिसायला ते बरं नाही. भुईबावड्याच्या त्या वळणावर पोरीनं चाळीसनं नेली, मग पंचेचाळीसनं. सहाव्या लाटेनंतरही रबराला १२ मिलिमीटर शिल्लक. नाक वळणाच्या आत. माझा डावा कुल्ला मुकाच होता, पण मी हात डॅशबोर्डवर पालथा ठेवला होता आणि हाताला काहीतरी कळलं. लाटा मोजता आल्या. सहा. आजवर मी पाच समजत होतो.

मालक गाडी न्यायला आला. चालवून आला, उतरला, हात जोडले. “वस्ताद, काय केलंत?”

मी म्हणालो, “विचार केला जरा. एक पत्ती कमी केली.”

ती शेजारीच उभी होती, हातात पाना. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाना पुसला आणि फळीवर ठेवला. संध्याकाळी जाताना रोजच्यासारखं म्हणाली, “मी निघालो, वस्ताद.” त्या शब्दावर नेहमीपेक्षा जोर होता की मलाच तसं ऐकू आलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी नवा टॉर्क पाना आणला. कशाबद्दल ते सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

आणि आता जे मागं ठेवत आलो ते. जुन्या बलेनोचे दिवस, ती १.६ लिटरची सेडान, २००० नंतरची चार-पाच वर्षं. माळावर ऑटोक्रॉस व्हायचे, मातीवर चुना मारून आखलेले. इथलाच एक पोरगा, हात सोन्याचा. त्याची बलेनो मी तयार केलेली. शेवटच्या फेरीत, नांगरटीच्या सऱ्या ओलांडून वळायचं होतं तिथं, गाडी वळली नाही. सरळ बांधावर. लोअर आर्म मोडला, त्याच्या मनगटाला लागलं. सगळे जमले. तो म्हणत होता, “वस्ताद, गाडी बसली. खाली बसली आणि उठलीच नाही.” मी सगळ्यांसमोर म्हणालो, “गाडीला काय झालंय? हात कच्चा आहे तुझा.” लोक हसले. मीही हसलो असेन. त्यानंतर तो माझ्याकडं आला नाही. पुढं कुठल्याच गाडीत बसला नाही म्हणतात. रंकाळ्याच्या बाजूला दुकान आहे त्याचं, मी त्या रस्त्यानं जात नाही.

त्याचे शब्द मला वीस वर्षं पाठ आहेत. खाली बसली आणि उठलीच नाही. यापेक्षा नेमकं कुणी सांगू शकणार नाही. त्याला बूड होतं.

मोडलेल्या बलेनोचे पुढचे दोन स्ट्रट मी तेव्हा काढून ठेवले होते, माळ्यावर, पोत्यात. का ठेवले, विचारू नका. गेल्या रविवारी शेड बंद होती. शिडी लावून वर चढायला डॉक्टरांची मनाई आहे, चढलो. पोतं खाली आणलं. आटे गंजलेले, रॉकेल टाकून रात्रभर ठेवले. सकाळी झाकण फिरलं. तेल काळं, डांबरासारखं. पिस्टन काढला, नट सोडला, पत्त्या एकेक करून वर्तमानपत्रावर मांडल्या, मायक्रोमीटर लावला.

सोडीच्या बाजूला ०.२० ची एक जास्त नव्हती. दोन होत्या.

पोरगी आली तेव्हा त्या तशाच मांडलेल्या होत्या. तिनं वाकून पाहिलं, मायक्रोमीटर उचलला, स्वतः मोजल्या. “कुणाच्या गाडीच्या?” तिनं विचारलं. मी नाव सांगितलं. नाव तिला माहीत होतं. तिच्या चुलत्याचा मित्र. तिनं वही काढली आणि मग, का कोण जाणे, न लिहिता परत ठेवली.

त्याचा नंबर तिच्या चुलत्याकडं आहे. पत्त्या अजून वर्तमानपत्रावरच आहेत, कुणी हलवू नये म्हणून वर काच ठेवलीय.